अडतिसाचे वीस

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. निवृत्तीच्या दिवशी नर्स मुलींनी माझ्या शिस्तीवर भाषणं केली, तेव्हा सांगून टाकावी असं वाटलं होतं. पण गळ्यात हार होता.

सत्तरच्या दशकात मी भिवंडीतल्या एका लहानशा खाजगी रुग्णालयात नर्स होतो. पुरुष नर्सला सगळे 'ब्रदर' म्हणत. नर्सिंग शिकणाऱ्या मुली वॉर्डात कामाला येत, त्यांना तयार करणं माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना चादरीचा कोपरा दुमडायला शिकवी आणि तक्त्यात श्वासाच्या रकान्यात वीस लिहायला. ताप बघायचा, नाडी मोजायची. पण छातीकडे बघत मिनिटभर उभं राहायला वेळ कोणाला होता? सगळ्यांचे श्वास मिनिटाला वीस, धडधाकट माणसाचे असतात तेवढे.

वज्रेश्वरीकडच्या खेड्यातली एक मुलगी मात्र वॉर्डाचं घड्याळ हातात धरून प्रत्येक खाटेशी पूर्ण मिनिट उभी राही.

"अगं, त्यापेक्षा नारपोलीला कापडाच्या कारखान्यात जा. लूमवर धागे मोजायला ठेवतील," मी म्हणालो. बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या.

तीही हसली. "मोजलं न्हाय तं लिवू काय, ब्रदर?"

एका सकाळी तिने एका लूम कामगाराच्या तक्त्यात अडतीस लिहिले. माणूस दोन दिवसांपूर्वी ताप-खोकल्याने दाखल झालेला. वरच्या ओळींत माझ्या अक्षरात वीस, वीस, वीस, शेवटचे तासाभरापूर्वीचे. डॉक्टर राउंडला यायच्या बेतात होते. विसाखाली अडतीस बघून ते आधी मलाच धरणार, हे मला कळलं.

"पुन्हा मोज."

"दोनदा मोजले."

"मग नवा तक्ता घे, वीस लिही. डॉक्टरांना मी तोंडी सांगतो."

"सांगाल ना पन?"

"सांगतो म्हटलं ना!"

तिने पेन उचललं नाही. मी तिला ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं, नव्या कागदावर सगळं उतरवलं आणि तिच्या ओळीत वीस टाकले. तिची सहीही मीच केली. जुना कागद फाडला.

डॉक्टरांनी तक्त्यावर नजर टाकली. "कैसा है?"

"ठीक है साब, बस थोडा दम लगता है," रोगी म्हणाला.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मी तोंड उघडलं नाही.

दुपारी त्याचे ओठ निळे पडले. ठाण्याला हलवला, पण वाटेतच गेला.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. ती सरळ म्हणाली, "मी अडतीस लिवले होते."

"काय हो ब्रदर?"

"नवीन आहे, साहेब. घाबरलीय."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मी पुढे काहीतरी बोलेन, म्हणून ती थांबली होती. मग तिने घड्याळ टेबलावर ठेवलं. तिचं शिक्षण तिथेच संपलं.

त्यानंतर मी प्रत्येक श्वास मोजला आणि प्रत्येक मुलीकडून मोजून घेतला. माझी शिस्त म्हणत, ती ही.

काही वर्षांनी मी पत्ता काढून तिच्या गावी गेलो. अंगणात ती भात वाळत घालत होती.

"ब्रदर, तुमी? या, पानी घ्या."

"वज्रेश्वरीला दर्शनाला आलो होतो," मी म्हणालो.

तिने तांब्या पुढे केला. "आता मोजतात का हो तिथं?"

"मोजतात."

"बरं झालं," ती म्हणाली आणि भात पसरू लागली.

पाणी पिऊन मी उठलो, बस धरली. भिवंडीहून येताना सगळ्या वाटेत जे वाक्य घोळवत आणलं होतं, ते तसंच परत नेलं. आता ती कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. वाक्य एवढंच होतं: तू बरोबर मोजलं होतंस, बाई, आकडा मी बदलला, मला माफ कर.