हात मागे

माझ्या नणंदेला तिच्या संस्थेत सगळे 'हातमागे बाई' म्हणत. एका नव्या कारकुनाला ते 'हातमागबाई' ऐकू आलं, आणि त्यानं तिच्या वर्कशॉपच्या दारावर 'हातमाग विभाग' अशी पाटी ठोकली. पुढच्या तुकडीतल्या दोन शिक्षिका पिशवीत सूत घेऊन आल्या. ताईनं ती पाटी काढली नाही. आत लाकूड, पत्रा आणि वायरी बघून लोकांचे चेहरे पडतात, ते तिला आवडायचं.

ती शिक्षकांना शिकवायची. हायस्कूलच्या मुलांकडून वस्तू बनवून घ्यायचा तास शाळांत सुरू झाला होता, आणि तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचा म्हणून गणिताचे, चित्रकलेचे, कधी भूगोलाचे शिक्षक तिच्याकडे पाठवले जात. करवत धरायला ती त्यांना पटकन शिकवायची. वेळ जायचा तो करवत न धरायला शिकवण्यात. मुलांचं काम वाकडं चाललं की मास्तरांचे हात शिवशिवतात. 'आण इकडे' म्हणून ते हत्यार ओढून घेतात आणि वस्तू मास्तरांची होते. तसं कुणी करायला गेलं की ताई कडाडायची, "हात मागे!" पन्नाशीचे मास्तरसुद्धा निमूट पाठीमागे हात बांधायचे.

घरीही तेच. लग्न होऊन मी नवी आले, तेव्हा तिनं मला नळाचा वायसर बदलायला लावला. माझ्या तोंडावर पाणी उडत होतं आणि ही शेजारी हात बांधून ढिम्म उभी. मनातल्या मनात मी तिला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. वायसर मात्र बसला.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले. "उजवा हात हलेल, पण त्याला काही कळणार नाही." गरम नाही, गार नाही, धार नाही. तो हात दिवसभर तिच्या मांडीवर पडून असायचा, पाहुणा विसरून गेलेल्या छत्रीसारखा. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलंच नाही. घरच बधिर झालं होतं. भाजी चिरली जायची, टीव्ही चालू असायचा, कुणाला काही वाटत नव्हतं. सकाळी मी तिच्या अंगात वर्कशॉपचा कोट घालून बटणं लावायची, कारण तिला तो हवा असायचा. ती भिंतीकडे बघत राहायची.

एक दिवस प्राचार्य घरी आले. चहा अर्धा ठेवून म्हणाले, "बाई, सोमवारी तुकडीसमोर लाकडाचा सांधा करून दाखवा. जमलं तर वर्कशॉप तुमचंच. नाही तर मला ती खोली कॉम्प्युटरला द्यावी लागेल."

"बरं," ताई म्हणाली.

तिचा नवरा कधीच गेलेला, मूल नाही. ती खोली गेली की तिचं असं काही राहणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

सोमवारी मी सोबत गेले. शिक्षक टेबलाभोवती उभे होते. ताईनं डोळ्यांनी बघून एकेक बोट करवतीच्या मुठीभोवती मिटलं. पहिली खाच रेघ सोडून गेली. दुसरी त्याहून तिरकी. गणिताच्या मास्तरांचा हात पुढे आला, मग त्यांनीच तो मागे घेतला. हळूहळू सगळ्यांचेच हात पाठीमागे गेले. माझं डोकं फिरलं. एवढी शिकलेली माणसं, आणि लाकूड धरायला एकजण पुढे होईना. मी उठले, तर ताईनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी परत बसले.

सांधा बसला नाही. दोन तुकडे एकमेकांत खुळखुळत होते.

"ढिला झालाय," ती म्हणाली. "का झाला, सांगा."

त्यांनी सांगितलं. कुठे करवत कलली, कुठे रेघ सुटली, सगळं बरोबर सांगितलं. तिनं मान डोलावली. दारात उभे असलेले प्राचार्य खाली बघत निघून गेले.

रस्त्यात मी तणतणत होते. "एकानं तरी हात लावायचा, ताई."

"शिकले ते," ती म्हणाली. त्यात ना आनंद होता, ना दुःख.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. ती कोटाचं वरचं बटण काढायला लागली, त्याच उजव्या हातानं. बटण चिमटीत आहे की सुटलंय, हे तिला कळत नव्हतं. या वेळी मी शहाणपणा केला. पुढे झाले नाही. पाठीमागे हात बांधून उभी राहिले, तिनं शिकवल्यासारखी. चहा उतू गेला तरी हलले नाही. मला वाटलं, हेच तिला हवं असणार.

तिचा हात थांबला.

"वहिनी," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "हात पुढे."

मी बटणं काढायला लागले, आणि इतक्या दिवसांचं अडलेलं रडू मला तेव्हा आलं.