मी खोबरेल म्हणाले

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाबांची तेरवी आटोपल्यावर दोन दिवसांनी दादानं मला अमरावतीच्या बसस्टँडवर सोडलं. मला अकोल्याला सासरी जायचं होतं आणि तिथून चार दिवसांनी परत कॅनडाला. दुपारची वेळ होती. माणसं भिंतीच्या अरुंद सावलीत ओळीनं उभी होती, आणि उन्हात उभी असलेली आमची बस आतून तव्यासारखी तापली होती. दादानं माझी बॅग वर ठेवून दिली, खाली उतरून पाण्याची बाटली आणली आणि खिडकीतून आत दिली. गाडी सुरू झाली तेव्हा तो गजावर हात ठेवून म्हणाला, "मोहोळ मीच राहू देलं. बाबाले मीच मारलं."

त्या वेळी मी एक वाक्य बोलू शकले असते. ते वाक्य पंधरा दिवस माझ्या तोंडात होतं. ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली, दादा बाजूला झाला, आणि मी त्याला फक्त हात केला.

पुढे काय झालं ते कळायला आधी आमच्या बगीच्याचा एक नियम सांगायला हवा.

आमचं घर शेंदूरजनाघाटच्या बाहेर. बाबांनी तरुणपणी लावलेली संत्र्याची झाडं, मधे विहीर, विहिरीवर जुनं उंबराचं झाड. त्या उंबरावर दरवर्षी आग्या मोहोळ बसायचं. बाबा ते बहार संपेपर्यंत हलवू देत नसत. फुलं माश्यांच्या भरवशावर फळं धरतात, असं त्यांचं म्हणणं. चैत्र लागला, फळं बोराएवढी झाली, की मोहोळ उतरवणारी माणसं बोलावली जायची. तोवर बगीच्यात वास घेऊन जायचं नाही, हा नियम. निंदणाला येणाऱ्या बाया गजरे काढून फाटकाच्या तारेला अडकवायच्या. बिडी बाहेर विझवायची. विहिरीची पूजासुद्धा उदबत्तीशिवाय व्हायची. एका पाहुण्यांना, अंगाला अत्तर होतं म्हणून, बाबांनी बांधावरूनच झाडं दाखवली होती. पाहुणे रागावले, बाबा नाही.

फक्त डोक्याच्या तेलाला माफी होती. "खोबरेल माश्याइले ओळखीचं हाये," ते म्हणत. आई मी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर माझ्या केसांना तेल बाबाच लावायचे, फवारणीच्या पंपात औषध भरावं तसं मोजून, बोटांनी नव्हे तर अख्ख्या तळव्यानं. वेणी त्यांना कधी जमली नाही. ती शाळेत गेल्यावर एक मैत्रीण घालून द्यायची. पण तेल त्यांचं असायचं. मी अमरावतीला ग्रंथालयशास्त्र शिकायला गेले, मग लग्न होऊन अकोल्याला, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे हॅलिफॅक्सला. बाबांची आठवण म्हणजे माझ्यासाठी आधी तो वास आणि मग चेहरा, असंच राहिलं.

हॅलिफॅक्समध्ये मी एका ग्रंथालयात काम करते. समुद्र आहे, धुकं आहे, उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा. तिथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका सहकारी बाईंनी मला परफ्यूमची बाटली भेट दिली. बाटलीवर नारळाची झाडं आणि निळं पाणी. तुला तुझ्या घराचा वास येईल, असं त्या मोठ्या प्रेमानं म्हणाल्या. आमच्याकडे नारळाचं एकही झाड नाही, काळी माती आहे आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. कोणकोणाला समजावत बसायचं. पण घरी येऊन बाटली उघडली आणि पलंगावर बसून राहिले. साखरेचा, फुलांचा, आणखी कशाकशाचा वास होता त्यात, पण तळाशी बाबांचे हात होते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी ते लावत आले. संपलं की तेच पुन्हा आणायचं. दूर गेलेल्या माणसांना अशी एखादी गोष्ट लागते. कोणी फ्रीजरमध्ये हिरव्या मिरचीचा ठेचा जपतं, मी हे जपलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आले ती याच सवयीसह. सकाळी आंघोळ केली, मानेला आणि मनगटांना परफ्यूम लावलं, बाबांबरोबर बगीचा पाहायला निघाले. दादा तालुक्याला, वरूडला, गेला होता. फाटकाशी बाबा थांबले. नाक जरा वर करून म्हणाले, "काय लावलं वं अंगाले?"

मी म्हणाले, "खोबरेल."

मी खोटं बोलायचं ठरवून बोलले नाही. बाटलीवर नारळच होता, मला त्यात खोबरेलच जाणवायचं, आणि परफ्यूम म्हटलं असतं तर आपण किती बदललो ते त्यांना दिसेल अशी एक बारीक लाज वाटली. खोबरेलाला तर माफीच होती. बाबा हसले. म्हणाले, "तिकडं बर्फात भेटते का?" मी भेटतं म्हणाले. त्यांनी फाटक उघडलं.

त्या वर्षी मोहोळ अजून उंबरावरच होतं. उतरवणाऱ्याला बोलवायचं काम दादाकडे होतं. फोन लागला नाही, मग वहिनींच्या माहेरचं लग्न आलं, मग पुढच्या आठवड्यात पाहू, असं होत चैत्र सरून गेला होता. बाबांनी दोनदा आठवण करून दिली होती, हे मला नंतर कळलं.

आम्ही विहिरीजवळ होतो. बाबा एका फांदीवरची फळं दाखवत होते. आधी आवाज बदलला. दूर कुठे मोटार सुरू व्हावी तसा. बाबांनी वर पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या डोक्यावर टाकला आणि मला विहिरीच्या मोटारीच्या खोलीकडे ढकललं. खोली दहा पावलांवर. मी आत पडले. ते माझ्यामागून आत येतील असं मला वाटलं. त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

आतल्या अंधारात माझ्याबरोबर सात-आठ माश्या आल्या होत्या. बाहेरून बाबा काही ओरडले नाहीत. आवाज फक्त माश्यांचा होता. मी दार ठोकत राहिले, आणि दार उघडेल याचीही मला भीती वाटत होती. ही भीती मी अजून कोणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहिते.

शेजारच्या वावरातली माणसं ओली पोती घेऊन आली. बाबांना आधी वरूडला, मग अमरावतीला नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

लोकांनी कारणं शोधली. कोणी म्हणालं, शिकारी पक्ष्यानं मोहोळ छेडलं असेल. कोणी उन्हाला दोष दिला. दादानं स्वतःला दिला. मी काय लावलं होतं हे कोणी विचारलं नाही. रडणाऱ्या मुलीला असं कोण विचारतं? अकोल्यात मी ती बाटली तीन पिशव्यांत बांधून बॅगेच्या तळाशी ठेवली. फेकली नाही, कारण कचऱ्यातून कोणाला वास येईल असं वाटत होतं. तशीच परत कॅनडाला नेली. पुरावा लपवणारी माणसं कशी वागतात ते मला त्या दिवसांत समजलं.

हॅलिफॅक्सला पोचले तेव्हा तिथला उन्हाळा सुरू होत होता. पहिल्या उबदार दिवशी सगळं शहर धक्क्यावर येतं आणि अंगाला सनस्क्रीन फासतं. त्यातल्या निम्म्याला नारळाचा वास असतो. हे मी इतकी वर्षं कौतुकानं पाहत आले होते. त्या दिवशी बसमध्ये शेजारी एक बाई येऊन बसल्या, आणि मी मधल्याच स्टॉपला उतरून फुटपाथवर दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले. तो उन्हाळा मी खिडक्या बंद ठेवून काढला. नवऱ्याला वाटलं, दुःख आहे, जाईल. दुःख होतंच. पण खिडक्या मी दुःखानं बंद केल्या नव्हत्या.

वहिनींचा फोन दर रविवारी यायचा. दादा बगीच्यात पाय ठेवत नव्हता. "ताई, हे बांधापर्यंत जातेत अन् वापस येतेत," त्या सांगत. जानेवारीत, बहार धरावा म्हणून पाणी तोडून ताणावर ठेवलेल्या झाडांना पाणी सोडायची वेळ आली तेव्हा मोटार वहिनींनी स्वतः सुरू केली. दादा जेवताना मधेच हात थांबवायचा म्हणे. घरात कोणाशी बोलत नव्हता. मी दर वेळी म्हणायचे, वेळ लागेल वहिनी. आणि फोन ठेवल्यावर मला कळायचं की वेळ लागण्यासारखं यात काही नाही, एका वाक्याचं काम आहे. ते वाक्य बोललं तर दादाच्या डोक्यावरचं ओझं अर्धं तरी उतरेल. पण मग त्या घरात मी कोण असेन? आईबाप दोघंही गेलेले. त्या दाराशी माझं नातं आता दादाच्याच हातात होतं. मी वर्षभर गप्प राहिले, तो वर्षभर झिजला, आणि दोन्ही मला माहीत होतं.

या एप्रिलमध्ये वहिनी म्हणाल्या, दादा सगळी झाडं काढून टाकणार आहे. जेसीबीवाल्याशी बोलणं झालंय, मेअखेरीस येतो म्हणाला. "बाबाचा बगीचा हाये ताई. तुमी तरी सांगा यायले." मी त्या रात्री तिकीट काढलं.

मे महिन्यात दादा मला सासरी, अकोल्याला, घ्यायला आला. केस पिकले होते, शर्ट खांद्यावर सैल झाला होता. गाडीत त्यानं माझ्या मुलांची, नोकरीची चौकशी केली. मूर्तिजापूर मागे पडलं तरी मी बोलले नाही. बडनेऱ्याच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली तो चहाला थांबला. आम्ही गाडीतच बसलो होतो. ग्लास गरम होता म्हणून मी तो डॅशबोर्डवर ठेवला आणि म्हणाले, "दादा, त्या दिवशी माह्या अंगाले सेंट होता."

तो माझ्याकडे वळला. मग त्यानं विचारलं, "बाबानं विचारलं नाही?"

"विचारलं. मी खोबरेल म्हणलं."

त्यानं चहा संपवला. उतरून ग्लास परत देऊन आला. गाडीला टेकून बराच वेळ रस्त्याकडे पाठ करून उभा होता. मला वाटलं, तो आता गाडी वळवून मला अकोल्याला सोडेल. तो आत येऊन बसला तेव्हा डोळे कोरडे होते.

"माह्या मोहोळानं अन् तुह्या सेंटानं," तो म्हणाला. "चाल, तेवढं मी समजून घेईन. मोहोळ नसतं तर तुह्या वासानं काय केलं असतं? अन् तुले काय माहीत होतं." त्यानं चावी फिरवली, पण गाडी सुरू केली नाही. "पण तू वर्षभर काहून नाही सांगितलं? मी मरून राहिलो होतो, तुले दिसत होतं ना?"

मी हो म्हणाले.

"माश्याइचं मी समजीन. वर्षाचं नाही समजत."

त्यानं गाडी सुरू केली. घरी त्यानं वहिनींना सगळं सांगितलं, माझ्यासमोरच, काही न वाढवता. वहिनी ऐकत उभ्या राहिल्या आणि मग माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. पाणी त्यांनी हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं.

पुढचे सहा दिवस मी त्या घरात होते. दादा माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी विसळत असताना त्यानं कोपऱ्यातलं फावडं उचललं. मी मागं वळले तसा तो म्हणाला, "तू नोको येऊ." आणि गेला. दुपारी तो परतला तेव्हा पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. वहिनी त्या चिखलाकडे पाहत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या संध्याकाळी त्यानं जेसीबीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. निघायच्या दिवशी मला अमरावतीपर्यंत सोडायला भाड्याची गाडी बोलावली होती. दादा घरी नव्हता. बगीच्यात होता.

याला चार महिने झाले. वहिनींचे फोन येतात, पण आता रविवारीच येतील असं नाही, आणि आटोपशीर असतात. झाडं चांगली आहेत. दादा रोज जातो. त्याचा फोन येत नाही. स्क्रीनवर त्याचं नाव कधी येईल याची मला भीती वाटते, आणि कधीच येणार नाही याचीही.

माझ्यासारखे जे दूर जाऊन राहिले, त्यांना हे ठाऊक असेल. आपण घरी सगळं सांगत नाही. पगार सांगतो, बर्फ दाखवतो, आजारपण बरं झाल्यावर कळवतो. मागे राहिलेल्यांच्या मनात आपलं एक चांगलं चित्र तयार होतं आणि त्याच्याच भरवशावर आपण दर सुट्टीत घरी जातो. माझं ते चित्र आता उरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मला कोणी या म्हणेल की नाही, माहीत नाही. मी आपणहून गेले तर दार कोण उघडेल, त्याचा विचार मी करत नाही. पण शेंदूरजनाघाटच्या त्या घरात आज माझ्याविषयी कोणाचा गैरसमज नाही, आणि माझा भाऊ त्याच्या झाडांत हिंडतो आहे. मी आता एवढ्यालाच घर म्हणते.