छत्तीस फुटी तुळई

मोरेश्वर धुमाळचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या मुलाच्या घरापासून रेल्वे म्युझियम सात मैल. तो सायकलने जायचा. मागून गाड्या हॉर्न मारत. मारू देत.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात एकतीस वर्षं सुतारकाम करून तो निवृत्त झाला होता. ग्रीन कार्ड हातात आल्यावर, २००६च्या हिवाळ्यात, त्याने म्युझियममध्ये काम धरलं. नव्वद वर्षांचा लाकडी मालडबा दुरुस्त करायचा होता. पगारी माणूस तो एकटाच. बाकीचे शनिवारचे हौशी. कॉफी जास्त, रंधा कमी.

हौशांचा म्होरक्या शैलेंद्र नागपूरचा, आयटीत मॅनेजर. एप्रिलमध्ये तो म्हणाला, "काका, वीस तारखेला ओपनिंग. शाळेची चाळीस मुलं आत चढणार, माझी सावनीपण. तुम्ही फक्त रंग मारा."

मोरेश्वर आधी डब्याखाली शिरला. जमिनीच्या फळ्या जिच्यावर टेकतात, ती डावी तुळई भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून गुळगुळीत केलेली होती.

"ही कुणी भरली?"

"आम्ही. लास्ट सॅटर्डेला. मस्त झालीय ना?"

मोरेश्वरने टोचा उचलला आणि तुळईत मुठीपर्यंत घातला. ओला भुसा गळाला.

"मस्त. आता तुम्ही सगळे वर चढून नाचा. मी बाहेरून बघतो."

"काका, नव्वद वर्षं उभा आहे तो."

"रिकामा आहे म्हणून उभा आहे."

"बजेट संपलंय यार! नवी तुळई काय तुम्ही आणणार, तुमच्या पैशाने?"

"आणतो. मग ओपनिंगची तारीख मी सांगणार."

सगळे हसले. मोरेश्वरने डब्याच्या दारावर दोन फळ्या आडव्या ठोकल्या.

"हे काय चाललंय?" शैलेंद्र ओरडला.

"काढा की. काढा, आणि पहिली सावनीला चढवा."

शैलेंद्र फळ्यांकडे बघत राहिला. हात लावला नाही. संध्याकाळी त्याने शाळेला फोन करून वीस तारीख कॅन्सल केली.

घरी मुलगा सत्यजित भडकला. "बाबा, त्यांचा डबा, त्यांचं म्युझियम. तुम्ही का पैसे घालताय? लोक हसतायत."

"पोरं पडल्यावर हसतील का?"

पुढचे सहा आठवडे मोरेश्वरने एकट्याने काढले. डबा जॅकवर घेतला, कुजकी तुळई तुकड्यातुकड्याने उपसली, गंजलेले बोल्ट कापले. हौशांपैकी एकजण कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, मी तुळईचं एक टोक धरतो, फोटोपुरतं. मोरेश्वरने त्याला हाकललं. नवी तुळई जॅक आणि कप्पीने चढवून बसवल्यावर त्याने वाळूची ऐंशी पोती आत रचली आणि दोन दिवस तशीच ठेवली. मग खाली दोरी ताणून बघितलं. तुळई सूतभरही वाकली नव्हती.

"आठ जून," तो शैलेंद्रला म्हणाला आणि दारावरच्या फळ्या उपटल्या.

आठ जूनला मुलं चढली, उड्या मारल्या. भाषणात हौशी मंडळींचे आभार मानले गेले. मोरेश्वर मागे हत्यारं पुसत होता. हिवाळाभराचा त्याचा सगळा पगार त्या ओकच्या छत्तीस फुटी तुळईत गेला होता.