सामाईक भिंतीतली ओल

भावाच्या घराला ओल आली की तुम्हाला आतून बरे वाटते का? प्रश्न झोंबला तर झोंबू द्या. पोलिसाच्या नोकरीत मी चोऱ्या, मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. पण दोंडाईच्याजवळच्या गावातले ते धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर अजून माझी पाठ सोडत नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. त्या घरातला धाकटा भाऊ ठाण्यात फिर्याद द्यायला आला. भरदुपारी त्याच्या खोलीची तुळई कोसळून बायकोचा पाय मोडला होता.

"मोठ्या भावाने तुळईला करवत लावली, साहेब! मला नोकरी लागल्यापासून जळतोय तो."

दोन्ही भावांच्या खोल्यांमध्ये एकच मातीची भिंत होती. पंचनामा करताना मी तुळईचे तुटके टोक हातात घेतले. करवतीची खूण नव्हती. लाकूड दमट, तपकिरी, बोटाने चुरगळणारे. ते एका रात्रीत कुजलेले नव्हते. आरोप टिकत नाही म्हणून आम्ही निघालो, तेवढ्यात शेजारची अक्का हवालदाराला म्हणाली, "खालेच काय दखतस? वर चढीसन दखा ना!"

वर चढलो. पाणी आत मुरू नये म्हणून धाब्यावर खारी माती टाकतात. ती सगळीकडे होती. फक्त मधल्या भिंतीलगत, धाकट्याच्या बाजूने, खरवडून काढलेली.

मोठ्या भावाला त्याच्याच खोलीत समोर बसवले.

"खारी कोणी काढली, आबा?"

"वारामा उडी गयी व्हई."

हवालदार म्हणाला, "वारा फावडं घेऊन येतो का तुमच्या गावात?"

मी दाभण मागवले आणि त्याच भिंतीत शिरलेल्या आबाच्या तुळईच्या टोकात खुपसले. लोण्यात जावे तसे ते आत गेले. त्या तुळईला झोळी बांधली होती. बाळंतपणाला आलेल्या लेकीचे तान्हे बाळ तिच्यात झोपले होते.

आबा ओरडत उठला. नात छातीशी धरून रडत बोलू लागला. "त्याले नोकरी, त्याले पक्की न्हाणी. मन्हाकडे काय शे? त्यानं घर गळाले पाहिजे, इतलंच मन्हा मनमा व्हतं." धाकट्याचे घर गळावे म्हणून दरवर्षी तो त्याच्या बाजूची खारी खरवडत होता.

धाकट्याने तक्रार मागे घेतली नाही. पण आबाच्या तुळईखाली टेकू त्यानेच आणून लावला, आम्ही जबाब लिहीत असतानाच.

त्या दिवसापासून मी मत्सराला किरकोळ गुन्हा मानत नाही. घराची वाटणी होते, भिंतीत मुरणाऱ्या पाण्याची होत नाही.

यंदा पावसाळ्याआधी धाब्यावर चढा, पण एकटे नको. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्या भावाला हाक मारा. दाभण आधी त्याच्या तुळईला लावून पाहा, मग आपल्या.