सहा मिनिटं उशिरा आलेलं पाकीट

टेंडरअण्णांच्या हातात बंद पाकीट दिलं की ते आधी उलटं करायचे. लाखेच्या प्रत्येक सीलवरून बोट फिरवायचे, मग समोर बसलेल्या एकेका कंत्राटदाराच्या डोळ्यांपुढून ते पाकीट न्यायचे आणि विचारायचे, "बघितलाव? समद्यांनी बघितलाव?" शेवटच्या माणसाची मान हलेपर्यंत कात्रीला हात लावायचे नाहीत. कर्नाटकातल्या हुमनाबादच्या आमच्या सरकारी कार्यालयातून रस्त्यांची, तलावांची, शाळाखोल्यांची टेंडरं निघत. ती उघडायच्या दिवशी बाहेर चहाच्या गाड्यावर भांडणारी माणसं अण्णांच्या टेबलापुढे निमूट बसत.

अण्णा हळ्ळीखेडचे, बारावीपर्यंत शिकलेले. वडील मेंढरं राखायचे. अण्णा कानडीत टिपण लिहायचे, मराठीत समजावायचे आणि बीदरकडचे ठेकेदार आले की दखनी उर्दूत दटावायचे. टेंडरपेटीत किती पाकिटं पडली ते सकाळ-संध्याकाळ मोजायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "मेंढरू चुकलं तर हुडकून तरी आणता येतंय. पाकीट चुकलं तर माणसाचं नावच जातंय."

खाडाखोडीबद्दल ते फार कडक होते. आकडा चुकला तर त्यावर पांढरा रंग लावू द्यायचे नाहीत. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, भोवती गोल करायचा, शेजारी बरोबर आकडा आणि सही. पानाच्या तळाशी लिहायचं, खाडाखोड किती. एकदा मीच घाईत ब्लेडने आकडा खरवडला, तर त्यांनी ते पान माझ्यापुढे परत ठेवलं. "अप्पा, चुकी दिसू द्या की. झाकलाव तर लोक म्हणतील, आनखी काय काय झाकलंय."

मी त्यांचा हेडक्लार्क. राजेश्वर गावचा, पदवीधर. कागदावर टेंडर शाखा माझी होती आणि अण्णांचं टेबल आवक-जावकचं. प्रत्यक्षात बारा वर्षं टेंडर शाखा त्यांनी चालवली आणि मी सह्या केल्या. टेबल एकाच्या नावावर आणि काम दुसऱ्याच्या हातात, हे ज्यांनी सरकारी कचेरी पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

एकदा साहेबांचा भाचा पाकीट घेऊन धावत आला. वेळ संपून पेटीच्या फटीवर अण्णांची कागदाची पट्टी चिकटवून झाली होती. साहेब आतूनच म्हणाले, घेऊन टाका. अण्णा उठले, भिंतीवरच्या घड्याळात पाहून पाकिटावर वेळ लिहिली आणि ते न उघडता भाच्याच्या हातात परत दिलं. "साहेब, टाइम तुमचा न्हाई, भिंतीवरचा धरतेत," एवढंच म्हणाले. मी माझ्या खुर्चीत मान खाली घालून बसलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेंडरांचे नियम बदलले. हैदराबादहून मोठे ठेकेदार यायला लागले, आणि तेव्हाच्या गुलबर्ग्यात सरकारी कर्मचाऱ्यांना कंत्राटं आणि खरेदी शिकवण्यासाठी एका प्रशिक्षण केंद्रात शिक्षकाची जागा निघाली. पात्रता दोन प्रकारची. पदवी आणि पाच वर्षं टेंडरकामाचा अनुभव. पदवी नसेल तर दहा वर्षांचा अनुभव, कार्यालयाच्या दाखल्यासह. ती जाहिरात जणू अण्णांना समोर बसवूनच लिहिली होती. त्यांनी अर्ज आणला, नेहमीच्या वळणदार अक्षरात. म्हणाले, "अप्पा, शिकवायला मला लई आवडंल. तेवढा दाखला लिव्हा."

दाखल्याचा मसुदा मीच करायचा, साहेब फक्त सही करायचे. मी लिहिलं, 'आवक-जावक शाखेत काम केले.' पुढे 'प्रत्यक्षात टेंडर शाखेचे काम पाहिले' एवढी ओळ घातली असती, तरी साहेबांनी सही केली असती. मी ती घातली नाही. त्याच जागेसाठी भरलेला माझा अर्ज माझ्या खणात होता.

अण्णांनी दाखला दोनदा वाचला. "सर्विस बुकात हाय तेच लिव्हलाव. बरुबर हाय," म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला. त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला.

मला मुलाखतीत विचारलं, साहेबांचा माणूस उशिरा आला तर काय कराल? मी भाच्याची गोष्ट सांगितली. 'अण्णांनी'च्या जागी 'मी' म्हणालो. जागा मला मिळाली. मी चांगला शिक्षक झालो, हे खोट्या नम्रतेशिवाय सांगतो, कारण शिकवत होतो ते सगळं अण्णांचंच होतं. ती गोष्ट तर प्रत्येक तुकडीला सांगायचो, "चार मिनिटं उशीर झाला होता, मी उठलो..."

पुढे टेंडरं संगणकावर गेली आणि जुन्या कारकुनांना प्रशिक्षणाला पाठवू लागले. एका सकाळी सवयीने मी गोष्ट सुरू केली, पाकीट परत देण्यापर्यंत आलो आणि शेवटच्या बाकावर अण्णा दिसले. थांबता आलं असतं. मी गोष्ट पुरी केली, 'मी'सकट. वर्गाने टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही वाजवल्या.

तास संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. आता बोलतील म्हणून मी तयार होतो. ते हळूच म्हणाले, "अप्पा, चार मिनिटं न्हवं. सहा व्हती."

शेवटच्या दिवशी मी सर्वांना प्रमाणपत्रं दिली. अण्णांनी आपलं उलटंसुलटं करून पाहिलं. 'टेंडर व खरेदीचे प्रशिक्षण घेतले' या ओळीवर बोट ठेवलं, खालची माझी सही वाचली. "माझ्या नावाम्होरं टेंडर हा शब्द पैल्यांदाच आलाय," म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ते आवक-जावकच्या टेबलावरूनच निवृत्त झाले आणि गेल्या साली वारले. त्यांच्या हयातीत हे लिहायला हवं होतं. आता लिहितो ते त्यांच्या रीतीने. जुनी ओळ वाचता येईल अशीच राहू देतो, 'आवक-जावक शाखेत काम केले', आणि तिच्यावर एक रेघ मारतो. शेजारी लिहितो: बारा वर्षे टेंडर शाखेचे संपूर्ण काम यांनीच केले. ते पाकीट सहा मिनिटे उशिरा आले होते आणि परत करणारे हेच होते.

खाडाखोड एक. सही माझी.