जिथं ‘ले’ तिथं ‘ला’

‘‘लाकरू? लाकरू कोन्त्या झाडाले लागते बे?’’

अकोल्याच्या नाट्यगृहात, भर दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर आमचे साडू ओरडत होते आणि आमच्या नाटकातला हिरो, म्हणजे मोर्शीचा वायरमन, उघड्या तारेला हात लागल्यासारखा उभा होता. त्याचा गुन्हा एवढाच, की ‘लेकरावानी रडलो’ हे वाक्य तो ‘लाकरावानी रडलो’ असं म्हणाला होता. ‘‘तुमीच तं म्हनलं भाऊ, जिथं ले तिथं ला,’’ तो पुटपुटला. साडूंनी तसं खरंच सांगितलं होतं. तासाभरापूर्वी स्पर्धेचे आयोजक, पुण्याचे अतिशय गोड बोलणारे गृहस्थ, येऊन सांगून गेले होते की परीक्षक बाहेरचे आहेत, ‘मले-तुले’चं तेवढं ‘मला-तुला’ करून घ्या, नाहीतर प्रयोग स्पर्धेबाहेर ठेवावा लागेल.

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नाही. झाला असता तर दोघांच्या ओढाताणीत वऱ्हाडाचे केव्हाच दोन तुकडे पडले असते. मोर्शीला त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे आणि गेली कित्येक वर्षं ते रोपांना पाणी कमी आणि संवाद जास्त देत आले आहेत. त्यांच्याकडचं झाड फळ धरण्याआधी टाळ्यांची वाट पाहतं, अशी अंजनगावच्या एका शेतकऱ्याची तक्रार मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

अशा माणसानं शब्दकोश मांडीवर घेऊन, रोपांमध्ये बसून, इंग्रजांच्या त्या थोर नाटककाराचं चारशे वर्षं जुनं विनोदी नाटक वऱ्हाडीत आणलं. जहाज फुटतं, जुळी भावंडं ताटातूट होऊन काठाला लागतात, बहीण पुरुषाच्या वेशात राजाकडे चाकरीला राहते, आणि मग कोण कोणाच्या प्रेमात आहे हे देवालाही विचारून घ्यावं लागतं. मोर्शीत समुद्र नाही, म्हणून साडूंनी जहाज धरणात बुडवलं. धरणात जहाज दिसेल कसं, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘‘बुडालं ना? मंग दिसन कसं?’’ बहिणीचं काम त्यांच्या बायकोकडे, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीकडे, भाऊ वायरमन. मेव्हणी पाच फुटांना चार बोटं कमी, आणि वायरमनला खांबावर चढायला शिडी लागत नाही. साडूंनी दोघांना एकसारख्या मिशा चिकटवल्या आणि विषय संपवला.

राजानं वऱ्हाडी बोलावं हे मलाही आधी पटलं नव्हतं. तेव्हा त्यांनी मला नर्सरीत उभं करून कलम दाखवलं. खाली खुंट आंबट जंबेरी लिंबाचा, वर बांधलेला डोळा संत्र्याचा. ‘‘इथल्या मातीत खुंट इथलाच लागते, बापू. फळ गोड लागलं की खुंटाची जात कोनी इचारत नाही.’’ हे ते हसत बोलले, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तरुणपणी एका नाटकात त्यांनी नायकाचं सगळं काम पाठ केलं होतं. दिग्दर्शकानं ऐकलं, आवाजाची तारीफ केली आणि हातात चहाचा ट्रे दिला. नायकाच्या तोंडी ‘मले’ शोभत नाही म्हणे. पुढची तीस वर्षं साडू रंगमंचावर नोकर म्हणून ट्रे घेऊन येत राहिले. एकदा तरी मोठ्या स्टेजवर राजा-राणी ‘मले’ म्हणतील, हा त्यांचा हट्ट तिथला.

तरी त्या दुपारी ते तासभर नमले होते. पहिला येणारा प्रयोग मुंबईला जाणार होता आणि वायरमननं मुंबईसाठी नवे बूट घेतले होते. पण लाकरू निघाल्यावर तालीम लंगडू लागली. ‘ते आले’चं ‘ते आला’ झालं, ‘पहिले’चं ‘पहिला’ झालं, आणि राजावर प्रेम करता करता मेव्हणीच थांबली. ‘‘चार महिने मी याच्यावर मले म्हनून प्रेम करून राहिली,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘मला म्हनलं की हा दुसरीचाच नवरा वाटते.’’

साडूंनी वायरमनच्या पायांकडे पाहिलं.

‘‘बूट लग्नातबी चालते, भाऊ,’’ वायरमन म्हणाला.

साडू तडक आयोजकांकडे गेले आणि स्पर्धेबाहेर तर स्पर्धेबाहेर, पण नाटक आमच्या बोलीत होईल, असं सांगून आले.

संध्याकाळी लोक असे हसले, की छपरातली कबुतरं उडाली ती थेट चिखलदऱ्याला जाऊन बसली. राजा ‘मले’ म्हणाला, राणी ‘तुले’ म्हणाली. अख्ख्या नाटकात एकटा नोकर तेवढा शुद्ध बोलत होता. ते काम साडूंनी स्वतःकडे ठेवलं होतं. हातात ट्रे, मान खाली आणि प्रत्येक ‘ण’ असा खणखणीत, की सर्वांत मोठा हशा त्यालाच पडत होता. आयोजक तिसऱ्या रांगेत रुमालानं डोळे पुसत होते.

मुंबईला दुसरंच नाटक गेलं. निकालानंतर आयोजक आत आले आणि त्यांनी साडूंचा हात हातात घेतला. माणूस मनापासून बोलत होता. तुम्हाला इतकं निर्मळ शुद्ध मराठी येतं, मग सगळं नाटक त्यातच का नाही केलंत, आज मुंबई तुमचीच होती, असं म्हणाले.

बाहेर रंगमंचावर पोरं आमचा पुठ्ठ्याचा राजवाडा उतरवत होती. 

‘‘येते ना,’’ साडू म्हणाले. ‘‘पन ते नोकराचं बोलनं हाय.’’