तीस हजार एकतीस

सुकेशनी वानखडे घराला कुलूप लावून निघाली, की फाटकापासून परत येऊन ते ओढून पाहायची. कामरगावजवळच्या शाळेत गणित शिकवताना मात्र ही धाकधूक तिला शिवत नसे. गणितात एकदा खरं ते कायम खरं, असं ती पोरींना सांगायची.

त्या सकाळी ती आठवीतल्या रेणू पवारला घेऊन विज्ञान प्रदर्शनासाठी कारंजाच्या एसटीत बसली. रेणूचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोरगी तांड्यावर आजीजवळ राही. तिच्या मांडीवर गुंडाळलेला तक्ता होता. त्यावर बाईंनीच शिकवलेली गंमत: दोनपासून ओळीनं मूळ संख्या घ्या, गुणाकार करा, एक मिळवा, नवी मूळ संख्या तयार. बे त्रिक सहा आणि एक सात. मग एकतीस, दोनशे अकरा, तेवीसशे अकरा. तेरापर्यंत गेलं की तीस हजार एकतीस.

हा शेवटचा आकडा सुकेशनीनं सत्तेचाळीसपर्यंतच भागून पाहिला होता. मग घंटा झाली अन् राहून गेलं. आता ते आठवलं आणि तिनं मोबाईल काढला. त्रेपन्ननं भाग जाईना. एकोणसाठनं गेला. पाचशे नऊ, बाकी शून्य.

तिनं पुन्हा भागलं. परीक्षक थोडेच इतकं तपासणार, असं एकदा मनात आलं. पण खोटं ठरलं तर सगळ्यांसमोर रेणूच तोंडघशी पडणार होती.

स्टँडवर उतरल्याउतरल्या तिनं सांगून टाकलं. "शेवटचा आकडा मूळ नाही रेणू. एकोणसाठनं भाग जाते. चूक माही हाये."

"तुमी तं म्हनलं होतं, कायम असंच होते."

"चारदा झालं, म्हून मले वाटलं कायम होते."

रेणू रडली नाही, पण पायही उचलेना. परत जावं का, असं सुकेशनी विचारणार तोच पोरगी हळूच म्हणाली, "पन मॅडम, एकोनसाठ आपल्या यादीत कुठं हाये? आपन तं तेरालेच थांबलो."

सुकेशनी थबकली. खरंच की. यादीतल्या कशानंही भागलं तरी बाकी एक उरणारच. म्हणजे ज्यानं भाग जाईल तो यादीबाहेरचाच. नवी मूळ संख्या मिळतेच. कधी तो आकडाच मूळ असतो, कधी नवी मूळ संख्या त्याचा अवयव असते. दोघींनी तिथंच बाकावर तक्ता उघडून शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ.

परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सतरापर्यंत गेलं तर येणारी संख्या मूळ असेल?"

सुकेशनी मागंच उभी होती. हे तिनंही पाहिलं नव्हतं.

"मले माहीत नाही सर," रेणू म्हणाली. "भागून पाहा लागन."

बक्षीस मिळालं नाही. परतीच्या एसटीत रेणू खिडकीला डोकं टेकवून झोपली. सुकेशनीनं सतरापर्यंतचा आकडा, पाच लाख दहा हजार पाचशे अकरा, भागायला घेतला, एकोणीसनंच भाग गेला. मग तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला. इतक्या वर्षांत शाळा सोडून गेलेल्या पोरींना आपण आणखी काय काय 'कायम' म्हणून सांगितलं असेल, याची उजळणी कामरगाव येईपर्यंत तिच्या डोक्यातून हटली नाही.